आचाऱ्यांचे आचार्य झाले आणि बग ‘क्लोज’ झाला

पत्र : मी हिंजवडीतील एका कंपनीत सात वर्षांपासून टेस्टर म्हणून काम करते. माझ्या वडिलांचा नारायण पेठेत छपाईचा छोटा व्यवसाय आहे आणि तिथली पानमांडणी आम्ही एका ओपन सोर्स (कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) सॉफ्टवेअरवर करतो. गेल्या गणेशोत्सवात एका सोसायटीच्या स्मरणिकेत ‘महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार’ असे छापायचे होते. पडद्यावर ते बरोबर दिसत होते, पण पीडीएफमध्ये ‘आचार्यांचे’ झाले आणि तसेच छापून गेले. मी रीतसर बग (सॉफ्टवेअरमधला दोष) नोंदवला, फाइल जोडली. पाच आठवड्यांनी तो ‘वर्क्स फॉर मी’ (माझ्याकडे बरोबर चालते) एवढा शेरा मारून बंद करण्यात आला. दीड वर्षात मी या प्रकल्पात १४ बग नोंदवले. त्यांपैकी हा असा बंद झाला, एक ड्युप्लिकेट ठरला आणि एक बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने) परस्पर मिटवला. उरलेल्या ११ बगवर एका अक्षराचेही उत्तर नाही. ‘तुम्हाला मराठी वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांची काहीच पर्वा नाही’, अशी टिप्पणी मी लिहून ठेवली आहे. ती पाठवावी का? आणि हे काम पुढे चालू ठेवण्यात काही अर्थ आहे का? बगची मूळ नोंद आणि फाइल सोबत जोडली आहे.
— अनुत्तरित, कोथरूड

सप्रेम नमस्कार.

टिप्पणी पाठवू नका. त्याचे कारण पुढे येईलच, पण त्याआधी तुम्ही जोडलेली फाइल उघडल्यावर मला जे दिसले ते सांगतो, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे त्या फाइलमध्येच आहेत.

मराठीतला चंद्रकोरीसारखा आडवा ‘र’, म्हणजे दऱ्या, वऱ्हाड, गुऱ्हाळ या शब्दांत येतो तो, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. पहिल्या रीतीत ‘ऱ’ हे नुक्त्याचे अक्षर (संकेतांक ०९३१), त्यापुढे हलन्त (०९४डी) आणि त्यापुढे ‘य’ किंवा ‘ह’ येतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’ (०९३०), हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीची एक अदृश्य जोडखूण (२००डी) येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. फरक असा की दुसऱ्या रीतीत वाटेत कुठेही ती अदृश्य खूण गळाली, तर मागे ‘र’, हलन्त आणि ‘य’ एवढेच उरते, आणि त्याचा नियमानुसार रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो आणि स्वयंपाक करणाऱ्यांना विद्वत्तेची पदवी मिळते.

तुमच्या स्मरणिकेच्या फाइलमधला ‘आचाऱ्यांचे’ दुसऱ्या रीतीचा आहे. वडिलांकडचा जुना मजकूर बिगर-युनिकोड फाँटमधून रूपांतरित केलेला असावा, असा माझा कयास आहे, कारण छापखान्यांतील अशा फाइलींत ही रीत वारंवार आढळते. पण तुम्ही बगच्या वर्णनात तोच शब्द हाताने पुन्हा टाइप केला, बहुधा फोनवरून, आणि तिथे तो पहिल्या रीतीने उमटला. डेव्हलपरने काय केले असेल, याची कल्पना करा. त्याने वर्णनातला शब्द उचलला, नव्या कोऱ्या पानावर चिकटवला, पीडीएफ काढली आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले. शब्द तसाच होता. गळण्यासारखी अदृश्य खूण त्याच्या शब्दात नव्हतीच. जोडलेली फाइल त्याने उघडली असेल असे गृहीत धरले, तरी ती ३६ पानांची आहे, तिच्यात जाहिराती आहेत, कार्यकारिणीची छायाचित्रे आहेत, आणि चुकलेला शब्द ३१व्या पानावर तळाशी आहे. त्या गृहस्थांना देवनागरी वाचता येत नसेल, तर त्यांच्या दृष्टीने रफार आणि आडवा ‘र’ यांतला फरक म्हणजे एका नक्षीतल्या एका रेघेचा फरक. तमिळ किंवा कोरियन मजकुराची दोन पाने तुमच्यापुढे ठेवून त्यांतला एका रेघेचा फरक शोधायला सांगितले, तर तुम्ही आणि मी काय करू, याचा विचार केला की त्याच्या शेऱ्यावरचा राग निघून जातो. ‘वर्क्स फॉर मी’ हा शेरा त्याने स्वतः रचलेलाही नसतो. १९९८ साली मोझिला प्रकल्पासाठी सुरू झालेल्या बगझिला या ट्रॅकरच्या (बगची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ठरीव शेऱ्यांपैकी तो एक आहे. यादीतून निवडायचा आणि पुढच्या बगकडे वळायचे.

म्हणून तो खोटे बोलला नाही आणि तुम्हीही बोलला नाहीत. तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या शब्दांची चाचणी घेतली.

तरीही प्रकल्पाकडे बोट दाखवण्यासारखे काही आहे, ते मी झाकून ठेवणार नाही. बंद करण्यापूर्वी त्या डेव्हलपरने ‘नेमके कोणते पान, कोणता शब्द?’ असे एकदा विचारले असते, तर पाच आठवडे वाट पाहिलेल्या माणसाचा अपमान टळला असता आणि बगही सापडला असता. बहुतेक ट्रॅकरमध्ये ‘आणखी माहिती हवी’ अशी अवस्था याचसाठी असते. ती वगळून थेट बंद करणे हा आळस आहे, आणि ओपन सोर्समध्ये तो सर्रास चालतो. बॉटने मिटवलेल्या बगबद्दल मात्र मनाला लावून घेऊ नका. गिटहब या प्रकल्पांचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील प्रकल्पांत ६० दिवस हालचाल नसलेल्या बगला ‘शिळा’ अशी खूण करणारा आणि त्यानंतर ७ दिवसांनी तो बंद करणारा बॉट अनेक ठिकाणी बसवलेला असतो. फेडोरा या लिनक्स प्रणालीची एखादी आवृत्ती साधारण १३ महिने चालते आणि तिची मुदत संपली की तिच्यावर उघडे राहिलेले बग सरसकट मिटवले जातात. हे झाडू मारणे आहे. त्यात कोणी तुमचा बग वाचून निकाल दिलेला नसतो. बग अजून घडत असेल तर नव्या आवृत्तीवर तपासून तो पुन्हा उघडावा, एवढीच अपेक्षा असते.

आता उरलेल्या ११ बगच्या शांततेकडे वळतो. तुमच्या कंपनीत तुम्ही बग नोंदवता तेव्हा तो कोणा एकाच्या नावावर पडतो, सकाळच्या बैठकीत त्याची विचारपूस होते, आणि ज्याच्या नावावर तो आहे त्याला उत्तर देण्याचा पगार मिळतो. तुमच्या अहवालातला ‘सिव्हिरिटी : क्रिटिकल’ (तीव्रता : गंभीर) हा शब्द त्या व्यवस्थेत वजनदार आहे, कारण त्याच्यामागे व्यवस्थापक उभा आहे. ओपन सोर्सच्या ट्रॅकरवर त्याच शब्दामागे कोणीही उभे नसते. सॉफ्टवेअर ‘जसे आहे तसे’, कोणत्याही हमीशिवाय दिले आहे, असे वाक्य जीपीएल, एमआयटी अशा बहुतेक परवान्यांत असते आणि ते सगळ्यांनी वाचल्याशिवायच मान्य केलेले असते. वापरणारे लाखो असू शकतात, पण पीडीएफ काढण्याचा भाग आतून ओळखणारी माणसे कित्येकदा दोन-तीनच असतात आणि त्यांतली काही नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात. त्या माणसाकडे तुमच्यासाठी वेळ असतो तो अर्धा तास. तुमचा अहवाल त्या अर्ध्या तासात मावला, तर बगला हात लागतो. तो समजून घेण्यातच अर्धा तास गेला, तर तो माणूस दुसरा बग उघडतो, आणि त्यात त्याचे फार चुकते असे मला वाटत नाही.

पर्वा नसल्याचा आरोप करणारी टिप्पणी या अर्ध्या तासातूनच वजा होते. शिवाय ट्रॅकरवरील प्रत्येक टिप्पणीचा ईमेल त्या बगशी जोडलेल्या सगळ्यांना जातो. ‘काही प्रगती?’, ‘मलाही हेच होते आहे’ अशा ओळींचा इतका वैताग आला होता की २०१६च्या जानेवारीत अनेक प्रकल्पांच्या मेंटेनरांनी (प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी) गिटहबला उघडे पत्र लिहिले, आणि मार्चमध्ये गिटहबने टिप्पणीऐवजी नुसता उंचावलेला अंगठा, म्हणजे सहमतीची खूण, दाखवण्याची सोय केली. तुमचीही समस्या तीच असेल तर अंगठा दाखवावा, नवी माहिती असेल तर लिहावे, एवढा साधा संकेत त्यातून रूढ झाला आहे.

दबावाचा एक गंभीर परिणामही सांगतो, कारण तो फार जुना नाही. एक्सझेड नावाची फाइल आकसवण्याची लायब्ररी (इतर सॉफ्टवेअर वापरतात तो तयार कोड) जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते आणि ती वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यावर धोशा लावला : काम संथ आहे, पॅच (लोकांनी पाठवलेले बदल) पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. आपली मानसिक प्रकृती ठीक नाही आणि हे छंदापोटी चालवलेले काम आहे, असे त्याने लिहिले, तरी धोशा थांबला नाही. अखेर मदतीला आलेल्या एका ‘सहकाऱ्या’ला त्याने अधिकार दिले, आणि त्या सहकाऱ्याने २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. धोशा लावणारी नावे त्याच कटातील असावीत, असा संशय आहे. तुमची टिप्पणी त्या जातीची नाही, हे मला माहीत आहे. पण वाचणाऱ्या मेंटेनरला ते कळण्याचा मार्ग नसतो. त्याला फक्त आणखी एक अनोळखी, चिडलेले नाव दिसते.

त्याच प्रकरणाची दुसरी बाजू टेस्टर म्हणून तुम्हाला अधिक उपयोगी आहे. तो चोरदरवाजा सापडला तो आन्द्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरला. एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाने) लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या नजरेत भरले. ‘आजकाल मशिन हळू चालते’ असे म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी वेळ मोजला, कोणती लायब्ररी वेळ खाते ते शोधले, आणि २९ मार्च २०२४ रोजी काय दिसले, कसे दिसले आणि कशाची खात्री अजून नाही, हे सगळे लिहून जाहीर केले. त्यानंतर प्रमुख लिनक्स वितरणांनी त्या आवृत्त्या झटपट मागे घेतल्या. तिथे कोणाला पर्वा आहे की नाही, असा प्रश्नच उरला नाही.

तुमच्या अहवालाचे शीर्षक होते ‘मराठी अक्षरे पीडीएफमध्ये मोडतात’. अशा शीर्षकाचे बग प्रत्येक प्रकल्पात दहा-पंधरा सापडतील आणि त्यांतल्या प्रत्येकाचे कारण वेगळे असेल. त्याऐवजी मी असे लिहीन : ‘पीडीएफ काढताना ०९३०, ०९४डी, २००डी या क्रमातील जॉइनर गळतो, आडव्या र ऐवजी रफार येतो’. हे वाचून ज्याचा तो विषय आहे तो माणूस शीर्षकावरच थांबेल. खाली तीन-चार वाक्ये पुरेत : जोडलेल्या फाइलमध्ये एका पानावर एकच शब्द दोनदा आहे, वरच्या ओळीत ०९३१ वापरून आणि खालच्या ओळीत जॉइनर वापरून, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पीडीएफमध्ये वरचा टिकतो आणि खालचा बदलतो, दोन्हींचे चित्र जोडले आहे आणि बदललेल्या जागी लाल वर्तुळ आहे. त्यानंतर एक वाक्य अर्थाचे घाला, की पहिल्या शब्दाचा अर्थ स्वयंपाकी आणि दुसऱ्याचा गुरू होतो, त्यामुळे हा निव्वळ दिसण्याचा दोष राहत नाही. कोट्यवधींचा मुद्दा तुम्हाला मांडायचाच असेल, तर तो इथे आकड्याने मांडा : २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. आरोपात तो आकडा टोचतो. बगच्या व्याप्तीत तो कामाला येतो. इंग्रजी साधी असली तरी चालते, कारण वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची मातृभाषाही इंग्रजी नसते.

अक्षरांचे संकेतांक पाहायला कोड यावे लागत नाही. लिबरऑफिस रायटरमध्ये अक्षरामागे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबले की त्याचा संकेतांक दिसतो, आणि पुन्हा दाबले की अक्षर परत येते. मराठी बगच्या बाबतीत ही सवय मी प्रत्येक टेस्टरला लावीन, कारण आपल्या लिपीत ‘दिसते तसे नसते’ हे अक्षरशः खरे आहे.

दोष नेमका कोणाच्या दारात आहे, हेही आधी पाहावे लागते. मजकूर कीबोर्डपासून कागदापर्यंत जाताना निदान चार हातांतून जातो : अक्षरे साठवणारे सॉफ्टवेअर, जोडाक्षरे जुळवणारे इंजिन, फाँट, आणि पीडीएफ लिहिणारा भाग. जोडाक्षरे जुळवण्याचे काम फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या सगळ्यांत हार्फबझ नावाची एकच लायब्ररी करते. म्हणून तुमचा शब्द लोहित देवनागरी आणि नोटो सान्स देवनागरी अशा दोन फाँटांत तपासा, आणि ब्राउझरमध्येही तपासा. दोन्ही फाँटांत बिघडला आणि ब्राउझरमध्ये शाबूत राहिला, तर फाँट आणि हार्फबझ यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. तसे एका वाक्यात लिहिले, की ‘हा आमचा बग नाही’ या उत्तराची जागा उरत नाही.

तुमच्या हातून होईल असे आणखी एक मोलाचे काम म्हणजे दोष कोणत्या आवृत्तीत शिरला हे शोधणे. जुन्या आवृत्त्या बहुतेक प्रकल्प उतरवून घेण्यासाठी ठेवतात. चांगली आणि बिघडलेली यांच्यामध्ये १५ आवृत्त्या असतील, तर दर वेळी मधली निवडून अर्धा भाग बाद करत चार चाचण्यांत तुम्ही नेमक्या आवृत्तीपाशी पोहोचता. डेव्हलपर हेच गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात ‘बायसेक्ट’ या आज्ञेने करतात आणि हजार बदलांतून दहा चाचण्यांत दोषी बदल काढतात. लिबरऑफिसने तर टेस्टरांसाठी तयार बिल्डांचे (थेट चालवता येणाऱ्या आवृत्त्यांचे) संग्रह ठेवले आहेत, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर स्वतः कंपाइल न करताही ही शोधाशोध करता येते. ‘अमुक आवृत्तीपर्यंत बरोबर होते, तमुकपासून बिघडले’ हे वाक्य असलेल्या अहवालाला उत्तर मिळण्याची शक्यता माझ्या अनुभवात सर्वांत जास्त असते, कारण ज्याच्या बदलाने ते झाले त्याचे नाव लगेच सापडते आणि त्याला स्वतःच ते खटकते.

सुरक्षेशी संबंधित बग असेल तर मात्र यातले काहीही उघड्या ट्रॅकरवर लिहू नका. प्रकल्पाचा खासगी पत्ता शोधून तिथेच कळवा.

हे काम चालू ठेवावे का, असे तुम्ही विचारता. १४ बगच्या हिशेबाने चालवायचे असेल तर ठेवू नका. त्या हिशेबात तुम्ही कायम तोट्यातच राहाल. उरलेले ११ एकदा चालू आवृत्तीवर तपासा. जे आता घडत नाहीत ते स्वतःच्या हाताने बंद करा आणि कोणत्या आवृत्तीत तपासले ते लिहा. स्वतःचे बग आवरणारा माणूस ट्रॅकरवर विरळा असतो आणि त्याचे नाव लक्षात राहते. उरतील त्यांतले सर्वांत लहान दोन निवडा आणि वर सांगितले तसे पुन्हा मांडा. बाकीचे सध्या राहू द्यात. त्याबरोबरच महिन्यातला एक शनिवार दुसऱ्यांचे पुष्टी न झालेले बग तपासायला द्या, विशेषतः भारतीय लिप्यांचे. हिंदी किंवा नेपाळी मजकुराचा एखादा बग तुम्ही दहा मिनिटांत पडताळाल. देवनागरी न वाचणाऱ्याला त्यासाठी संध्याकाळ घालवावी लागेल. तुमच्या सात वर्षांच्या कसबाला तिथे खरी मागणी आहे. प्रकल्पाचे मराठी भाषांतर करणारी मंडळीही गाठा. पुणे ग्नू-लिनक्स युजर्स ग्रुपसारखे गट आपल्याकडे आहेत; ‘हा दोष खरा आहे, मी पाहिला’ असे लिहिणारा दुसरा मराठी वाचक मिळाला की डेव्हलपरची शंका फिटते.

बंद झालेला बग पुन्हा उघडताना मागचे काही उगाळू नका. ‘माझ्या आधीच्या वर्णनातला शब्द आणि फाइलमधला शब्द यांचे संकेतांक वेगळे होते, त्यामुळे तुम्हाला दोष दिसला नाही, आता एका पानाची फाइल जोडली आहे’, एवढे लिहा. हे खरे आहे आणि त्यात कोणाचीही मान खाली जात नाही.

बगला उत्तर येईल तेव्हा येईल; वडिलांचे काम त्यासाठी थांबवू नका. फाइलची प्रत ठेवून ‘शोधा आणि बदला’मध्ये ०९३०, ०९४डी, २००डी हा क्रम शोधा आणि त्या जागी ०९३१, ०९४डी घाला, म्हणजे ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘आचाऱ्यांना’ हे सगळे शब्द एका फटक्यात सुरक्षित होतील. नवा मजकूर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप होत असेल तर शिफ्ट दाबून ‘जे’ (J) या कळीवर ‘ऱ’ आहे; त्यापुढे हलन्त आणि ‘य’ दिला की जॉइनरची गरजच पडत नाही. हा उपाय बगच्या नोंदीतही लिहून ठेवा. दुसऱ्या एखाद्या छापखान्यात कोणीतरी याच दोषावर अडून ती नोंद शोधत येईल, तेव्हा त्याला डेव्हलपरच्या उत्तराआधी तुमचे उत्तर सापडेल.